विंगहॅम ब्रशचं पक्षिनिरीक्षण : पैसे कशावर खर्चावे, कशावर नाही

विंगहॅम ब्रशमध्ये शिरायला एक डॉलरही लागत नाही. फाटक नाही, तिकीटखिडकी नाही, सोबत वाटाड्या घेण्याची सक्ती नाही, कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क नाही. गाडी उभी करायलाही पैसे पडत नाहीत. तरीही सिडनीहून चार जणांचं कुटुंब तिथे जाऊन आलं की तीनशे ते चारशे डॉलर संपलेले असतात. त्यातले बरेचसे चुकीच्या ठिकाणी गेलेले असतात, कारण बहुतेक जण एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करतात आणि पक्षी गप्प झाल्यावर पोचतात. मुलांकडे सिडनीला दोन-तीन महिन्यांसाठी आलेले आईवडील आणि तिथेच स्थायिक झालेली मराठी कुटुंबं, अशा दोघांनाही उपयोगी पडेल असा हा हिशोब आहे. विमान आणि व्हिसा यात धरलेला नाही. आकडे २०२५ च्या सुमाराचे आणि गोल केलेले आहेत. रुपयांत अंदाज हवा असेल तर डॉलरला साठने गुणा, तेवढं पुरतं.

आधी जागेविषयी. सिडनीच्या उत्तरेला सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, मॅनिंग नदीच्या काठी विंगहॅम नावाचं छोटं गाव आहे. गावाला लागूनच, नदीच्या पूरमैदानावर उपोष्ण कटिबंधातल्या सखल वर्षावनाचा जेमतेम नऊ हेक्टरचा तुकडा उरला आहे, तोच हा ब्रश. असं जंगल एकेकाळी न्यू साउथ वेल्सच्या नदीकाठांवर दूरवर पसरलेलं होतं. काठाची माती सुपीक, त्यामुळे शेतीसाठी ते सगळ्यात आधी तुटलं, आणि त्याआधी त्यातला तांबडा सीडर इमारती लाकडासाठी गेला. हा सीडर म्हणजे आपल्याकडचा तूणच, झाड एकाच जातीचं. आपल्याकडे गावाच्या कडेला देवराई उरते तसा हा तुकडा उरला, पण त्याला देवाचं संरक्षण नव्हतं. १९८० च्या सुमाराला मदेरा वेल, कॅट्स क्लॉ आणि ट्रॅडेस्कँशिया या परक्या वनस्पतींनी तो जवळजवळ गिळला होता. वेली शेंड्यापर्यंत चढत, झाडं त्या भाराने कोसळत आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर पुन्हा वेलीच माजत. जॉन स्टॉकर्ड आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी वर्षानुवर्षं हे तण काढून जंगल परत उभं केलं. ती रीत आता ऑस्ट्रेलियात ‘विंगहॅम ब्रश पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आज आपण फुकट फिरतो त्या सावलीची किंमत या लोकांनी आधीच मोजलेली आहे.

आता पहिला आणि सगळ्यात मोठा निर्णय : रात्री मुक्काम करायचा की नाही?

करायचाच. वर्षावनातले पक्षी उजाडल्यापासून दोन-अडीच तास भरपूर हालचाल करतात, मग दाट पानोळ्यात गडप होतात. सिडनीहून विंगहॅम गाडीने चार तास. सहाला ब्रशमध्ये असायचं तर रात्री दोनला निघावं लागेल, आणि तसं कोणी निघत नाही, निघूही नये. लोक सहाला निघतात, वाटेत कॉफीला थांबतात, साडेदहाला पोचतात. मग पानं दिसतात, वटवाघळं दिसतात, पक्षी फक्त ऐकू येतात. म्हणजे पेट्रोलचे शंभर-सव्वाशे डॉलर मोजून जंगलाची दुपार विकत घेतली. त्यात मोटेलचे दीडशे डॉलर घातले तर संध्याकाळ आणि पहाट, दोन्ही हाती लागतात. या सहलीत पैसे सोडायची एकच जागा असेल तर ती ही खोली.

विंगहॅममध्ये किंवा बारा-तेरा किलोमीटरवरच्या टॅरीमध्ये साध्या मोटेलची दोघांची खोली रात्रीला १२० ते १६० डॉलरला मिळते आणि चौघांची १५० ते १९० ला. भाव सारखेच असतील तर विंगहॅम निवडा, कारण पहाटे गाडी काढायची गरज उरत नाही. आरक्षण करण्याआधी दोन तारखा पाहून घ्या. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी कामगार दिनाची सुट्टी असते, आणि सप्टेंबरअखेरीपासून शाळांना दोन आठवडे सुट्टी लागते. या काळात भाव चढतात, दोन रात्रींची सक्तीही होते. त्यानंतरच्या आठवड्यात, तेही सोमवार ते गुरुवार, तीच खोली स्वस्त पडते आणि पक्षी तेच असतात.

प्रवासाचा हिशोब असा. जाऊन-येऊन आणि तिथलं थोडं फिरणं धरून सातशे किलोमीटरच्या आत काम होतं. शंभर किलोमीटरला आठ लिटर खाणाऱ्या गाडीला पंचावन्न लिटर पेट्रोल लागतं, दोन डॉलर भावाने ११० डॉलर. सिडनीच्या पश्चिम किंवा वायव्य भागातून निघालात तर नॉर्थकनेक्स बोगद्याचा टोल एका वेळेला दहा डॉलरच्या घरात पडतो. वरच्या पेनंट हिल्स रोडने गेलात तर तो वाचतो, पण सिग्नल लागतात. शुक्रवारी संध्याकाळी मी म्हणेन टोल भरा, इतर वेळी वाचवा. पेट्रोल शक्यतो सिडनीतच भरून घ्या, हमरस्त्यावरच्या पंपांवर भाव बहुधा चढा असतो.

रेल्वेनेही जाता येतं. सिडनी सेंट्रलवरून उत्तरेकडे जाणारी एक्सपीटी विंगहॅमला थांबते, पाच तासांहून थोडा जास्त वेळ घेते. तिकीट एका बाजूला माणशी पन्नास ते सत्तर डॉलर, आणि जागा आधी आरक्षित करावी लागते. स्टेशन ते ब्रश चालत जाण्याजोगं आहे. एकट्या माणसाला रेल्वेच परवडते. दोघं झालात की गाडी स्वस्त पडू लागते, चौघं असाल तर प्रश्नच नाही. मात्र गाडी चालवणाऱ्या मुलाला किंवा सुनेला रजा नाही म्हणून सहल रखडली असेल, तर साठीपुढच्या जोडप्याने रेल्वेने जायला काहीच हरकत नाही, प्रवास सुखाचा आहे. एवढं लक्षात ठेवा की तिथल्या ज्येष्ठ नागरिकांचं सवलतीचं कार्ड राज्यात कायम राहणाऱ्यांना मिळतं. पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांना पूर्ण तिकीट पडतं.

भाड्याची गाडी दिवसाला साठ ते शंभर डॉलर. महाराष्ट्रातलं इंग्रजी मजकुराचं लायसन्स पाहुण्याला चालतं, फक्त तात्पुरत्या व्हिसावर न्यू साउथ वेल्समध्ये सलग सहा महिने राहणं झालं की तिथलं लायसन्स काढावं लागतं. काही कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात, तो भारतातून निघण्याआधी आरटीओकडून घेऊन ठेवा. विम्याचा ‘एक्सेस’ म्हणजे अपघातात आपल्या खिशातून जाणारी रक्कम किती, हे सही करण्याआधी विचारा. दिवसाचं भाडं कमी दिसतं तिथे ही रक्कम अनेकदा हजारांत असते. आणि या भागात तिन्हीसांजेला लांबचं ड्रायव्हिंग टाळा, कांगारू त्याच वेळी रस्त्यावर येतात.

दुर्बिणीवर मात्र मन लावून विचार करा, कारण वर्षावनात चुकीची दुर्बीण म्हणजे वाया गेलेले पैसे. तिच्यावर दोन आकडे असतात. ८×४२ म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाचं पुढचं भिंग असलेली. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो : ८×४२ ला सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ ला ४.२, आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ ला फक्त अडीच. उघड्या माळावर हा फरक जाणवत नाही, कारण भर उन्हात आपली बाहुली स्वतःच दोन-तीन मिलिमीटरवर आलेली असते. पण अंजिराच्या जुनाट झाडाखाली सकाळी साडेसहाला बाहुली चार-पाच मिलिमीटरपर्यंत उघडते. तिथे १०×२५ मधून दिसतो तो करडा ठिपका, आणि ८×४२ मधून त्याच ठिपक्याची पिवळी छाती. ही छोटी दुर्बीण तुलनेने निम्मा प्रकाशही डोळ्यापर्यंत पोचवत नाही. दहापट घेतली की हात थरथरल्याचंही दहापट दिसतं, ज्येष्ठांनी तर आठपटीच्या पुढे जाऊच नये. भारतात सात ते पंधरा हजार रुपयांत बरी ८×४२ मिळते. ती घेऊनच या आणि सगळ्यांत मिळून एक वापरण्याऐवजी जोडप्याला दोन घ्या. अर्धा मिनिट दिसणाऱ्या पक्ष्यासाठी दुर्बीण हातोहात फिरवली की कोणालाच काही धड दिसत नाही.

मोठी लेन्स भाड्याने घेण्याच्या फंदात पडू नका. तिथल्या अंधारात लांब पल्ल्याच्या साध्या लेन्सने शटर इतका मंदावतो की हललेलं चित्र येतं. हाताशी कॅमेरा असेल तर तो संध्याकाळी नदीकाठी वापरा.

ओळखीसाठी कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन ॲप फुकट आहे. ऑस्ट्रेलियाचा संच घरच्या वायफायवर आधी उतरवून घ्या. अलीकडे कोणी काय पाहिलं ते ईबर्डवर कळतं, तेही फुकट. ‘द ऑस्ट्रेलियन बर्ड गाइड’ हा ग्रंथ उत्तम, पण पन्नास डॉलरच्या आसपास आणि वजनाला जड आहे. मुलांच्या घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयात तो बहुधा असतो, त्यांच्या सभासदत्वावर आणता येतो. सशुल्क वाटाड्याची इथे गरज नाही. दिवसाला काही शे डॉलर घेणारी ही माणसं जाणकार असतात, पण त्यांचा खरा उपयोग मोठ्या, पसरलेल्या जंगलात. नऊ हेक्टरमध्ये लाकडी पायवाट आहे, वाट चुकण्याचा प्रश्न नाही. ओळखीची मदत हवी असेल तर स्थानिक पक्षी मंडळांच्या फेऱ्यांना जा, तिथे पाहुण्यांचं स्वागत असतं.

आता या पैशांत मिळतं काय ते. महिना निवडायचा तर मी ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडेन. उत्तरेकडून येणारे उन्हाळी पाहुणे तोवर पोचलेले असतात : काळ्या चेहऱ्याचा मोनार्क, तांबूस फॅनटेल, आपल्या चासाचा नातलग डॉलरबर्ड आणि कोकीळ, ज्याची ओरड ऐकून आपल्या माणसाला एकदम वैशाख आठवतो. जानेवारीत उकाडा, डास आणि चढे भाव असे तिन्ही एकत्र येतात. हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, खोली स्वस्त आणि जळवा कमी, पण पाहुणे पक्षी नसतात.

पायवाटेची फेरी अर्ध्या-पाऊण तासात होते, आणि म्हणूनच लोक फसतात. सगळे फेरी मारतात. फेरी मारू नका, थांबा. फळं धरलेलं अंजिराचं झाड शोधा. ते मान वर करून सापडत नाही, पायवाटेवर पडलेल्या फळांच्या तुकड्यांनी सापडतं. त्याखाली अर्धा तास उभं राहा. आधी टपटप आवाज येतो, मग वरून ‘वॉम-पू’ असा खोल, घशातला हुंकार. हे वॉम्पू फळकबुतर, हिरव्या पाठीचं, जांभळ्या छातीचं, पिवळ्या पोटाचं. आपल्या हरियालाच्या कुळातलं, पण आकाराने बरंच मोठं. एवढा रंगीत पक्षी असून पानांत तो असा मिसळतो की फळ तोडायला पुढे वाकेल तेव्हाच दिसतो. त्याच झाडावर फिगबर्डचे थवे असतात, हे हळद्याचे भाऊबंद. बोवरबर्ड आणि कॅटबर्डही फळांवर येतात. कॅटबर्डचा आवाज रडक्या बाळासारखा असल्याने पहिल्यांदा ऐकणारे दचकतात.

जमिनीवर ब्रश-टर्की दिसेलच, काळा, लाल मुंडीचा, कोणाला न भिणारा. त्याचा ढीग पाहिल्याशिवाय परतू नका. नर पायांनी पालापाचोळा ओढून मीटरभर उंच आणि तीन-चार मीटर रुंद ढीग रचतो, माद्या त्यात अंडी घालून जातात आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेवर ती उबतात. नर चोच खुपसून तापमान पाहत असतो, ३३ ते ३५ अंशांच्या आसपास ते राखण्यासाठी पाला कधी वाढवतो, कधी उकरतो. पिल्लू बाहेर पडलं की त्याला आई नाही, बाप नाही, तासाभरात ते आपलं आपण चालू लागतं. नॉइझी पिट्टा दिसला तर दिवस सार्थकी लागला समजा. हा आपल्या नवरंगाचाच सगा, पाल्यात उड्या मारत गोगलगायी शोधतो आणि ठरावीक दगडावर किंवा मुळावर आपटून फोडतो. पाल्यात ‘टक्, टक्’ ऐकू आलं तर जागच्या जागी थांबा. नदीकडेला निळा खंड्या असतो, आणि वर समुद्र गरुड घिरट्या घालताना दिसतो. तो कोकण किनाऱ्यावर आहे तोच, जातही तीच.

वटवाघळांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ब्रशमधली सगळ्यात मोठी वस्ती त्यांचीच. ही राखाडी डोक्याची फळवटवाघळं फक्त ऑस्ट्रेलियात आढळतात आणि धोक्यात असलेल्या प्राण्यांत मोडतात. इथे त्यांची बाळंतपणाची वसाहत आहे. वसंतात पिल्लं होतात आणि भराच्या काळात संख्या लाखाच्या घरात जाते. वास उग्र येतो, वरून शिंतोडे पडतात. रुंद कडेची टोपी घाला आणि वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा. सूर्यास्तानंतर त्यांचे लोंढे नदीवरून बाहेर पडतात, तो सोहळा नदीकाठच्या हिरवळीवर बसून फुकट पाहता येतो. मात्र खाली पडलेलं, जखमी किंवा मेलेलं वटवाघूळ कधीही हाताळू नका. त्यांच्यात लिसाव्हायरस असू शकतो, तो रेबीजच्या घराण्यातला आहे. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. नुसतं खालून चालण्याने काही होत नाही.

इथून आरोग्याच्या खर्चाकडे वळू, कारण खरी बचत इथे होते. पॅरालिसिस टिक नावाची गोचीड पूर्व किनाऱ्यावर सर्वत्र आहे. चिकटली तर चिमट्याने ओढून काढू नका, ओढताना ती जास्त विष सोडते. औषधाच्या दुकानात गोचीड गोठवून मारणारा स्प्रे वीस-तीस डॉलरला मिळतो, तो आधीच घेऊन ठेवा. फुल पँट घाला, पायमोज्यांत खोवलेली. पायवाटेवरून हात बाहेर काढू नका, मुलांना तर बजावून सांगा : मोठ्या हृदयाकृती पानांचं ‘स्टिंगिंग ट्री’ इथे आहे. त्याच्या पानावरची काचेसारखी लव टोचली तर वेदना आठवडे, कधी महिने पुन्हा पुन्हा उसळते. आपल्या खाजकुइलीशी तिची तुलनाच नको. न्यू साउथ वेल्समध्ये अँब्युलन्सचं बिल येतं, आणि परदेशी पाहुण्याला ते चांगलंच जड जातं. प्रवास विम्यात अँब्युलन्स धरली आहे का, हे पॉलिसीच्या कागदात शोधा, एजंटच्या तोंडी उत्तरावर राहू नका. तातडीचा क्रमांक ०००.

बुटांवर खर्च नको, साधे बंद बूट पुरतात. पण सह्याद्रीत वापरलेले बूट नेणार असाल तर निघण्याआधी तळ घासून, माती काढून, वाळवून घ्या, आणि विमानातल्या कार्डावर ते जाहीर करा. जाहीर केल्याने काही बिघडत नाही. लपवलं आणि माती सापडली तर जागेवर दंड होतो, आणि मातीतून जाणारे रोग तिथल्या जंगलाचं खरंच वाटोळं करतात.

खाण्याचं सोपं आहे. गावात रात्री आठनंतर स्वयंपाकघरं बंद होऊ लागतात, शाकाहारी माणसाला पर्याय थोडेच. क्लबमधलं जेवण माणशी वीस ते तीस डॉलर, कॉफी पाच-सहा. मोटेलच्या खोलीत किटली आणि फ्रिज असतोच. धपाटे, दशम्या, चटणी आणि दही घेऊन गेलात तर चौघांचे शंभर डॉलर वाचतात, पहाटे न्याहारीसाठी अडकूनही पडावं लागत नाही. नदीकाठी बाकं आणि स्वच्छतागृहं आहेत.

एकूण असं : पेट्रोल ११०, टोल २०, चौघांची खोली १६०, कॉफी वगैरे २०, मिळून ३१०. रात्री बाहेर जेवलात तर ४००. माणशी फार तर शंभर.

हातात आणखी अर्धा दिवस असेल तर एलेनबरो धबधबा पाहा, तिथेही प्रवेश फुकट आहे. समुद्राकडचं क्राउडी बे राष्ट्रीय उद्यान निवडलं तर गाडीमागे आठ डॉलरचं दिवसाचं शुल्क आहे. एवढ्यासाठी वर्षाचा पास घेऊ नका. सिडनीच्या आसपासच्या शुल्क लावणाऱ्या उद्यानांत महिन्यातून एकदा तरी जाणार असाल तरच तो भरून निघतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर ब्रश उघडं आहे ना, एवढं पाहून घ्या. हे पूरमैदान आहे. मे २०२५ मध्ये मॅनिंगला विक्रमी पूर आला होता, आणि मोठ्या पुरानंतर गाळ काढून पायवाट दुरुस्त होईपर्यंत आत जाता येत नाही. जोराचा वारा असेल तरीही जुनी झाडं आणि फांद्या कोसळण्याच्या भीतीने वाट बंद ठेवतात. म्हणून खोली घेताना चाळीस-पन्नास डॉलर वाचवणारा, पण रद्द न होणारा दर घेऊ नका. आदल्या दिवसापर्यंत पैसे परत मिळतील असाच दर घ्या, थोडा महाग असला तरी.